भिंत फोडून पाइप दुरुस्त झाला, पण बुजवलेलं भोक पुन्हा का तडकतं?

भिंतीतला पाइप गळतो. प्लंबर छिन्नीने फूटभर भिंत फोडतो, जोड बदलतो आणि जाताना घमेलंभर सिमेंट कालवून भोक थापून देतो. काही दिवसांत त्या ठिगळाभोवती बारीक तडा उमटतो आणि रंगाचा खर्च पुन्हा अंगावर येतो. असं का होतं?

उपाय शोधायला यूट्यूब उघडलं की बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले दिसतात. तिथे घरातल्या भिंती जिप्सम बोर्डच्या असतात. भोक चौकोनी कापायचं, मागे पट्टी लावायची, बोर्डचा तुकडा स्क्रूने बसवायचा, सांध्यावर टेप आणि कंपाउंड. आपल्याकडे ऑफिसच्या पार्टिशनला हे चालतं. पण यवतमाळच्या महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीसारख्या गावात भिंत विटांची किंवा मातीची असते, आणि तिथे ही युक्ती कामाची नाही.

विटांच्या भिंतीत खरा घोळ पाण्याचा आहे. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं. जुनी कोरडी वीट नव्या मालातलं पाणी शोषून घेते, माल कच्चा राहतो आणि आकसून कडेने सुटतो. म्हणून भोकातली धूळ, सैल प्लास्टर काढून भिंत आधी चांगली भिजवायची. भोक खोल असेल तर आधी विटांचे तुकडे आणि माल भरायचा, वरचा थर दुसऱ्या दिवशी. एक भाग सिमेंटला चार भाग वाळू पुरते.

बहुतेकदा टाळली जाते ती जाळी. जुनं-नवं जिथे मिळतं तिथेच तडा जातो, म्हणून चिकन मेश भोकाबाहेर चारेक इंच जायला हवी. त्यासाठी तेवढं जुनं प्लास्टरही खरवडावं लागतं. मिस्त्री कुरकुरेल, पण हे करून घ्यावं. मग किमान सात दिवस पाणी मारायचं. विदर्भातल्या उन्हाळ्यात ठिगळावर ओलं पोतं लावलेलं बरं. पुट्टी आणि रंग ते पूर्ण वाळल्यावरच.

मातीच्या भिंतीला मात्र सिमेंट लावूच नये. माती ओल घेते, सोडते, फुगते, आकसते. सिमेंटचा कडक थर ती ओल आत कोंडतो आणि एक दिवस खपलीसारखा निघून येतो. तिथे माती, कुटार आणि शेण कालवून छाबण्याची जुनी पद्धतच योग्य.

दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा जात असेल तर दोष ठिगळाचा नसून पायाखालच्या काळ्या मातीच्या हालचालीचा असू शकतो. तो वरून बुजवून थांबत नाही.

फोडण्याआधी मेन स्विच बंद करावा. बुजवण्याआधी एक दिवस पाणी सोडून जोड तपासावा आणि शेजारी मेजरिंग टेप धरून उघड्या पाइपचा फोटो काढून ठेवावा. पुढच्या वेळी छिन्नी नेमकी कुठे लावायची ते कळतं.