सीआरपी वाढला म्हणजे अँटिबायोटिक हवंच का?

इंदूर : लालबाग भागातली मराठी कुटुंबं असोत, की जळगाव, धुळे, बुऱ्हाणपूरहून उपचाराला इंदूर गाठणारे पेशंट, ताप उतरला नाही की हातात रक्ताचा रिपोर्ट येतो. सीआरपीपुढे ‘हाय’ दिसलं की घरचे धास्तावतात आणि थेट मेडिकलवर जाऊन अँटिबायोटिक मागतात. घाई इथेच नडते.

सीआरपी काय सांगतो?

हे यकृतात तयार होणारं प्रथिन. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते सापडलं. जिवाणूंचा संसर्ग झाला की ते वाढतं; पण संधिवात, मार किंवा ऑपरेशननंतरही वाढतं. विषाणूच्या तापातही वाढू शकतं. त्यामुळे नुसत्या आकड्यावरून निदान होत नाही.

प्रोकॅल्सिटोनिन कशाला?

जिवाणूंचा संसर्ग रक्तात पसरू लागला की काही तासांतच हे चढतं. विषाणूच्या तापात सहसा फारसं चढत नाही. मात्र मोठं ऑपरेशन, भाजणं, किडनीचा आजार यांतही ते जास्त येतं. नवजात बाळात पहिले दोन दिवस ते मुळातच वाढलेलं असतं.

खरा उपयोग पुढच्या तपासणीत

औषध लागू पडलं की प्रोकॅल्सिटोनिन साधारण रोज निम्म्यावर येतं : आज ८, उद्या ४, परवा २. आकडा उतरत नसेल तर डॉक्टर औषध बदलायचा किंवा संसर्गाचं मूळ शोधायचा विचार करतात. आयसीयूत अँटिबायोटिक कधी थांबवायचं, हे ठरवतानाही याची मदत होते. पण नेमका जिवाणू कोणता, हे ब्लड कल्चरच सांगतं. त्यासाठीचं रक्त शक्यतो अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी घ्यावं लागतं.

दोन गावांचे रिपोर्ट जुळवताना

एकक आधी बघा. एका लॅबचा सीआरपी ‘४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर’ आणि दुसरीचा ‘४० मिलिग्रॅम प्रति लिटर’ असेल, तर दोन्ही सारखेच! आजार दहापट वाढला, असं समजू नका. जुने रिपोर्ट सोबत ठेवा.

गरज नसताना घेतलेल्या औषधांनी जिवाणू निर्ढावतात. त्याविरुद्ध मध्य प्रदेशाने २०१९ मध्येच राज्याचा कृती आराखडा आणला. पण श्वास लागणं, गुंगी, लघवी कमी होणं किंवा बाळाने दूध सोडणं, यांपैकी काही दिसलं तर रिपोर्टची वाट पाहू नका. लगेच दवाखाना गाठा.