भविष्य निर्वाह निधीतील विस्मृत मृत्युलाभ

विमाधारक वा कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर कुटुंबीयांना मिळणारी रक्कम म्हणजे मृत्युलाभ. आयुर्विम्यात विम्याची रक्कम आणि तरतूद असल्यास बोनस नामनिर्देशित व्यक्तीला मिळतो. गोंधळ होतो तो भविष्य निर्वाह निधीबाबत. खात्यातील शिल्लक हाती आली की सारे मिळाले, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्याच सदस्यत्वाशी आणखी दोन लाभ जोडलेले आहेत. कर्मचारी ठेव संलग्न विमा योजना, १९७६ नुसार सेवेत असताना मृत्यू झाल्यास कुटुंबाला कमाल ७ लाख रुपये मिळतात. या विम्याची वर्गणी मालक भरतो. पगारातून कपातच नसल्याने घरच्यांना त्याचा पत्ता नसतो! दुसरा लाभ १९९५ च्या योजनेतील निवृत्तिवेतनाचा. ते पत्नीला वा पतीला तहहयात अथवा पुनर्विवाहापर्यंत, तर एका वेळी दोन अपत्यांना वयाच्या २५ वर्षांपर्यंत मिळते. सेवेतील मृत्यूच्या बाबतीत दहा वर्षांच्या नोकरीची अट नाही. एका महिन्याची वर्गणीही पुरते. मात्र यांपैकी काहीही आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो. शिवाय निधीसाठी लग्नापूर्वी केलेले नामनिर्देशन लग्नानंतर रद्द ठरते. नवे नामनिर्देशन संघटनेच्या संकेतस्थळावर करता येते.