मार्क ट्वेन (भाग 7) : जुळाऱ्याचं यंत्र

आज हकलबरी फिनवर लिहायचं ठरलं होतं, पण ते आज होणार नाही. उल्हासनगरच्या कॅम्प 4 मधल्या एका कापड दुकानदार वाचकांचा प्रश्न चार दिवस डोक्यातून जात नाही. ते विचारतात, एवढ्या खपाचा लेखक साठाव्या वर्षी कर्ज फेडायला व्याख्यानं देत मुंबईपर्यंत आला, तर त्याने पैसा घालवला कशात? सट्ट्यात?

सट्ट्यात नाही, छपाईचे खिळे जुळवायच्या यंत्रात. मी कॅम्प 5 मधल्या एका छापखान्यात बावीस वर्षं खिळे जुळवले, त्यामुळे हे दोन ओळींत उरकणं मला जमणार नाही.

वडील 1847 मध्ये वारल्यावर सॅम क्लेमेन्स, म्हणजे आपला ट्वेन, हॅनिबलच्या छापखान्यात उमेदवारीला लागला, हे आठवत असेल. पुढे थोरला भाऊ ओरायनच्या छापखान्यात, मग सेंट लुई, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया. बोटीवरचा पायलट आणि लेखक तो नंतर झाला. आधी तो जुळारी होता.

जुळाऱ्याचं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, पुढे खणाखणांची केस. उजवा हात न बघता खणात जातो, खिळा उचलतो, त्याची खाच अंगठ्याला लागली की खिळा सुलटा आहे हे कळतं. अक्षरं उलटी वाचायची. ओळ भरत आली की खरी कसोटी. शेवटचा शब्द बसत नसेल तर शब्दांमधल्या पट्ट्या बदलून ओळ घट्ट करायची, नाहीतर फर्मा उचलताना खिळे गळून पडतात. छपाई झाली की रॉकेलने खिळे धुवायचे आणि एकेक करून पुन्हा आपापल्या खणात टाकायचे. या शेवटच्या कामाचा कंटाळा जुळाऱ्यालाच ठाऊक. लग्नसराईत पत्रिकांचा ढीग उतरला की आम्ही रात्री दहानंतर खिळे परत टाकत बसायचो, आणि एक खिळा चुकीच्या खणात गेला तर दुसऱ्या दिवशी प्रुफात तो हमखास दिसायचा.

जेम्स पेज नावाच्या संशोधकाच्या यंत्रात हे सगळं होतं. जुळणी, ओळ घट्ट करणं, खिळे परत टाकणं, सगळं एकाच यंत्रात. सुटे भाग सुमारे 18 हजार. ट्वेनने 1880 पासून त्यात पैसा ओतला. 5 जानेवारी 1889 ला दुपारी यंत्राने स्वतःहून एक ओळ घट्ट केली, तेव्हा त्याने ओरायनला पत्र लिहून अगदी मिनिटासकट वेळ कळवली आणि जगातले बाकीचे मोठे शोध याच्यापुढे साधे असल्याचं सांगितलं. लोक याला त्याचा भाबडेपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही. ओळ घट्ट करण्यात ज्याची बोटं झिजली आहेत, त्याच्यासाठी तो क्षण तेवढाच मोठा होता.

तोवर 1886 मध्ये न्यूयॉर्क ट्रिब्यूनमध्ये मेर्गेनथालरचं लायनोटाइप सुरू झालं होतं. त्यात वितळलेल्या धातूची अख्खी ओळ ओतायची, छापायची आणि पुन्हा वितळवायची. परत टाकायला खिळा उरतच नाही! पेजने माणसाच्या हाताची हुबेहूब नक्कल केली, मेर्गेनथालरने हाताचं ते कामच काढून टाकलं. ट्वेनला हात इतका नीट माहीत होता की हाताशिवायची वाट त्याला दिसली नाही, असं माझं मत आहे. 1894 मध्ये शिकागो हेरल्डच्या कचेरीत पेजच्या यंत्राची चाचणी झाली. खिळे मोडायला लागले, यंत्र सारखं बंद पडायला लागलं. पॅरिसमध्ये ट्वेनला त्याचा मित्र, स्टँडर्ड ऑइलचा हेन्री रॉजर्स, याचं पत्र मिळालं : यंत्राचा नाद सोड. सुमारे 3 लाख डॉलर बुडाले होते. त्याची प्रकाशनसंस्था त्याच वर्षी एप्रिलमध्ये बसली होती.

दुकानदार वाचकांना पुढचं विशेष पटेल. दिवाळं निघाल्यावर देणेकऱ्यांशी निम्म्यावर तडजोड करता आली असती, पण बायको लिव्ही ऐकेना. डॉलरला डॉलर द्यायचा. म्हणून जुलै 1895 मध्ये क्लीव्हलंडहून दौरा सुरू झाला आणि जानेवारी 1896 मध्ये तो मुंबईला उतरला. तिथून व्याख्यानाला पुण्याला गेला, म्हणजे कल्याण सोडून आपल्याच रुळांवरून, बदलापूर, नेरळ, कर्जत करत घाटाकडे. तेव्हा उल्हासनगर नव्हतं. कॅम्प दुसऱ्या महायुद्धात पडले, नाव 1949 मध्ये मिळालं. 1898 पर्यंत त्याने सगळं देणं चुकतं केलं.

पेजचं एक यंत्र अजून हार्टफर्डला, ट्वेनच्या घराच्या संग्रहालयात उभं आहे. आमच्या छापखान्यात ऑफसेट आलं तेव्हा खिळे भंगारात किलोवर गेले. स्टिक तेवढी मी घरी आणली.

हकचं पुढच्या आठवड्यात नक्की. पण आधी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात एका नोकराला बसलेल्या थपडेविषयी सांगावं लागेल, कारण ती पाहून ट्वेनला आपलं मिसूरीतलं लहानपण आणि तिथले गुलाम आठवले होते.