अपकेंद्री सुपरचार्जरची निवड

वेगवान मोटारीला सुपरचार्जर बसवू पाहणाऱ्यांमध्ये असा समज आढळतो की, तो इंजिनात जादा इंधन ढकलतो आणि ज्या संचाचा दाबाचा आकडा मोठा, तोच सरस. वास्तविक सुपरचार्जर हे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारे, हवा दाबून आत भरणारे यंत्र असून, वाढलेल्या हवेच्या प्रमाणात इंधन (पेट्रोलसाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवेस एक भाग) स्वतंत्रपणे वाढवावे लागते.

अपकेंद्री (हवा मध्यापासून कडेकडे फेकणाऱ्या) प्रकारातील चक्र लोहाराच्या भट्टीवरील हातपंख्यासारखे वागते: सावकाश फिरवल्यास निखारा जेमतेम फुलतो, वेग दुप्पट केल्यास झोताचा दाब जवळजवळ चौपट होतो. त्यामुळे जाहिरातीतील कमाल दाब इंजिनाच्या वरच्या फेऱ्यांनाच मिळतो आणि बाजारपेठेतील संथ रहदारीत त्याचा उपयोग जवळजवळ होत नाही.

दाबलेली हवा तापते. विदर्भाच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात तर इंटरकूलर (ही हवा थंड करणारी जाळी) नसलेला संच घेऊच नये, कारण तप्त मिश्रण अवेळी भडकून पिस्टन फुटू शकतो. दाबाच्या आकड्यापेक्षा इंटरकूलर, पुरेसे इंजेक्टर (इंधन फवारणारे भाग) आणि धूळ रोखणारा एअर फिल्टर यांना महत्त्व द्यावे. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल नोंदणीकृत वाहनात करता येत नाही.