परमुलखातील बिऱ्हाड : जर्मनीतील पहिले वर्ष आणि घरची भाषा

एकट्या माणसाने परदेशी जाणे आणि बिऱ्हाड घेऊन परदेशी जाणे या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी होत. विद्यार्थी म्हणून गेलेला तरुण खोली, ग्रंथालय आणि खाणावळ या त्रिकोणात दोन वर्षे काढू शकतो आणि त्या देशाशी त्याचा परिचय झाला नाही तरी त्याचे फारसे अडत नाही. तीन वर्षांचे मूल बरोबर असलेल्या दांपत्याला ही सवलत नसते. पहिल्याच आठवड्यात त्यांना मुलांचा डॉक्टर लागतो, बालवाडी लागते, आणि खालच्या मजल्यावरच्या वृद्ध बाईंना मुलाच्या उड्यांविषयी काही सांगावे लागते. म्हणजे परक्या समाजाचे दार मूलच प्रथम वाजवते, आईबाप मागून आत जातात. जर्मनीने 2012 साली ‘ब्लू कार्ड’ हा कामाचा परवाना सुरू केल्यापासून महाराष्ट्रातून तिकडे जाणाऱ्यांत अशा तरुण कुटुंबांचा भरणा दिसतो. या परवान्यावर जाणाऱ्याच्या पतीला वा पत्नीला आधी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही, आणि नोकरी करण्याचीही मुभा असते. कागदावर ही मोठीच सोय आहे. प्रत्यक्षात ती सोय मुलाच्या बालवाडीपाशी येऊन कशी अडते, हे पुढे येईलच.

प्रथम कागदांविषयी. जर्मनीत घरात राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगराच्या कचेरीत जाऊन आपण येथे राहतो अशी नोंद करावी लागते. हिला ‘अनमेल्डुंग’ म्हणतात. 2015 पासून या नोंदणीसाठी घरमालकाची लेखी पुष्टीही लागते. नोंदणी झाली की कराचा अकरा आकडी क्रमांक टपालाने घरी येतो, आणि तो कुटुंबातील प्रत्येकाला, अगदी तान्ह्या मुलालाही, स्वतंत्र मिळतो. हा क्रमांक नसेल तर पगारातून सर्वांत चढ्या दराने कर कापला जाण्याची वेळ येते. पण टपाल घरी येण्यासाठी एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट आवश्यक असते. तेथील इमारतींत बिऱ्हाडांना बहुधा क्रमांक नसतात; घंटेवर आणि टपालपेटीवर आडनावाची चिठ्ठी असते आणि टपालवाला तेवढेच पाहतो. चिठ्ठी लावलेली नसेल, तर पत्ता अचूक असूनही पत्र परत जाते. नव्या घरात पाऊल ठेवल्यावर देवापुढे दिवा लावण्याआधी टपालपेटीवर नाव लावावे, असे मी ओळखीच्यांना सांगत असतो.

नावाचा प्रश्न येथेच संपत नाही. आपले पूर्ण नाव म्हणजे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव. पारपत्रात पहिली दोन नावे एकाच रकान्यात छापलेली असली, की जर्मन कारकून ती दोन्ही त्या व्यक्तीचीच स्वतःची नावे समजतो. मग बालवाडीच्या यादीत चार वर्षांच्या मुलीच्या नावापुढे तिच्या वडिलांचे नाव तिचे दुसरे नाव म्हणून विराजमान होते. शिवाय रोमन लिपीतील अक्षरे जर्मन माणूस आपल्या उच्चाराने वाचतो. इंग्रजी वळणाने लिहिलेल्या ‘जुई’ची तो ‘युई’ करतो, ‘जोशी’ हे ‘योशी’ होतात आणि ‘सोनाली’ची ‘झोनाली’ होते. यात तुच्छता नसते. त्याच्या लिपीत त्या अक्षराचा तोच उच्चार आहे. मात्र मूल आठ तास ‘युई’ या हाकेला ओ देऊन घरी येते, आणि आईने ‘जुई’ म्हटले की क्षणभर थबकते, ही गोष्ट आईच्या काळजात रुतते हे खरे.

घराविषयी थोडक्यातच लिहितो, कारण त्या अडचणी पैशाने सुटतात. भाड्याच्या घरात स्वयंपाकघर म्हणून पुष्कळदा चार भिंती आणि पाण्याचे नळ एवढेच असते. ओटा, शेगडी, कपाटे सारे भाडेकरूने आणावयाचे आणि जाताना न्यावयाचे. अनामत रक्कम कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा अधिक घेता येत नाही. रविवारी दुकाने बंद असतात. रविवारच्या विश्रांतीला तेथील राज्यघटनेचेच संरक्षण आहे. शनिवारी संध्याकाळी दूध संपल्याचे लक्षात आले, तर सोमवारपर्यंत रेल्वे स्थानकातील दुकानावाचून गत्यंतर नाही. रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ मानतात. मुलांच्या आवाजाविषयी मात्र 2011 साली कायद्यात मुद्दाम दुरुस्ती करून असे ठरविण्यात आले, की बालवाडी आणि क्रीडांगण येथून येणारा मुलांचा आवाज हा सर्वसाधारणपणे उपद्रव समजू नये. असा कायदा करावा लागला यातच त्या समाजाच्या शांतताप्रियतेचे आणि तिच्या मर्यादेचे दर्शन घडते. प्रेशर कुकरच्या शिट्टीविषयी कायदा मौन बाळगून आहे.

आता मुख्य गोष्ट, बालवाडी. ‘किंडरगार्टन’ हे नाव फ्रीड्रिश फ्र्योबेलने 1840 साली थुरिंगिया प्रांतातील बाड ब्लांकेनबुर्ग येथे दिले. मुलांची बाग, असा त्याचा सरळ अर्थ. 1851 मध्ये प्रशियाच्या सरकारने या बागांवर बंदी घातली होती आणि ती 1860 पर्यंत टिकली, हे आज सांगूनही खरे वाटत नाही. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बोर्डी-कोसबाडच्या कार्यामुळे ‘बालवाडी’ हा शब्द घरोघर पोचला. त्यांची प्रेरणा माँटेसोरीकडून आलेली होती, फ्र्योबेलकडून तितकी नव्हे. तरीही नारळी-पोफळीच्या वाडीतला ‘वाडी’ हा शब्द आणि जर्मन ‘गार्टन’ यांचे साम्य कोकणी माणसाच्या मनात भरल्यावाचून राहत नाही.

आज जर्मनीत या संस्थेला संक्षेपाने ‘किटा’ म्हणतात. 1 ऑगस्ट 2013 पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला तेथे जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. हक्क आहे, जागा मात्र मोठ्या शहरांत दुर्मीळ आहेत. स्थानिक आईबाप मूल जन्मण्याआधीच नाव नोंदवतात. ऑगस्टात विमानातून उतरलेले कुटुंब त्या रांगेत शेवटी उभे राहते. बर्लिनने 2018 पासून सर्व वयोगटांसाठी शुल्क रद्द केले, जेवणाची अल्पशी रक्कम तेवढी घेतली जाते. अन्यत्र शुल्क गावागणिक बदलते. जागा मिळेपर्यंत दोघांपैकी एकाने घरी थांबावे लागते, आणि थांबते ती बहुतेक वेळा आईच. पुण्यात दहा वर्षे नोकरी केलेली, हाताखाली माणसे असलेली स्त्री येथे दिवसभर एका बोलक्या मुलाखेरीज कोणाशीही बोलत नाही. डिसेंबरात बर्लिनमध्ये सूर्य दुपारी चारच्या आत मावळतो. कामाची कायदेशीर मुभा तिच्या कागदपत्रांच्या फायलीत असते. बिऱ्हाडे मोडतात किंवा परत फिरतात ती थंडीमुळे किंवा अन्नामुळे नव्हे, या महिन्यांमुळे, असे माझे मत आहे. म्हणून जागेसाठीचे अर्ज घरभाड्याच्या करारानंतर लगेच, शक्य तर भारतातूनच करावेत, आणि तोवर आईने भाषावर्गात नाव घालावे. ती चैन समजू नये.

जागा मिळाल्यावरही मूल लगेच तेथे ठेवता येत नाही. ‘आइनगेव्योनुंग’, म्हणजे सवय लावण्याचा काळ, मध्ये असतो. तिची प्रचलित ‘बर्लिन पद्धत’ 1980 नंतरच्या दशकात बर्लिनमधील बालसंशोधकांनी घडविली. मूल आणि त्याला सांभाळणारे माणूस यांच्यातील बंधाविषयी जॉन बोल्बी या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने जो विचार मांडला तो तिच्या मुळाशी आहे. पहिले तीन दिवस आई किंवा बाप मुलासोबत तासभर तेथे जाऊन एका कोपऱ्यात नुसते बसतात. मुलाला खेळात ढकलायचे नाही, आपणही खेळायचे नाही. जवळ आले तर जवळ घ्यायचे. चौथ्या दिवशी पालकाने निरोप घेऊन खोलीबाहेर जायचे, तेही काही मिनिटे, फार तर अर्धा तास. हा दिवस सोमवार आला तर वियोग मंगळवारवर ढकलतात, कारण शनिवार-रविवारच्या सुटीने मुलाची ओळख पुसट झालेली असते. मूल रडले आणि शिक्षिकेच्या कुशीत शांत झाले, तर वियोगाचा काळ हळूहळू वाढवितात. शांत झाले नाही तर पालकाला परत बोलावतात आणि सारा क्रम लांबतो. एक आठवड्यापासून तीन आठवड्यांपर्यंत, कधी त्याहूनही अधिक काळ यात जातो.

आपल्याकडे जून महिन्यात बालवाडीच्या फाटकाशी जो आकांत ऐकू येतो, तो ज्याने लहानपणी स्वतः केलेला आहे त्याला ही पद्धत प्रथम अतिशयोक्त वाटते. परंतु घरी मराठी बोलणाऱ्या मुलाच्या दृष्टीने विचार करावा. त्याला त्या खोलीतील एकही शब्द समजत नाही. तहान लागली हे कोणाला, कसे सांगावे हे ठाऊक नाही. अशा वेळी कोपऱ्यात बसलेली आई हाच त्याचा शब्दकोश असतो. शिक्षिकेला ‘पाणी’, ‘शू’, ‘आई येईल’ हे तीन-चार मराठी शब्द रोमन लिपीत लिहून द्यावेत. बहुतेक शिक्षिका ते आवडीने शिकतात, आणि परक्या तोंडून ‘आई येईल’ हे ऐकून शांत झालेले मूल ज्यांनी पाहिले आहे त्यांना या कागदाचे मोल कळेल.

प्रवेशाआधी गोवराच्या लसीचा पुरावा लागतो. 1 मार्च 2020 पासून तसा कायदा आहे. दोन वर्षांपुढील मुलाच्या दोन मात्रा झालेल्या असाव्या लागतात. आपल्याकडे पहिली मात्रा नवव्या महिन्यानंतर देतात, जर्मनीत अकराव्या महिन्यापासून. त्यामुळे डॉक्टर तारखा निरखून पाहतात. लसीकरणाचे मूळ पुस्तक सामानात न टाकता हातातील पिशवीतच ठेवावे. क्षयाची लस तेथे 1998 पासून शिफारशीत नाही. दंडावरचा व्रण पाहून तरुण डॉक्टरने प्रश्न केला तर दचकू नये. पावसात, चिखलात मुलांना बाहेर खेळावयास नेतातच. ‘सर्दी होईल’ या आपल्या युक्तिवादाला तेथे उत्तर म्हणून चिखलात घालावयाची रबरी विजार मिळते. तिच्यावर नाव घालून द्यावे लागते, एवढेच.

भाषेचा विषय मुद्दाम शेवटी ठेवला. किटात जाऊ लागल्यावर कित्येक मुले काही आठवडे, प्रसंगी महिने, तेथे अवाक्षर बोलत नाहीत. हा काळ ऐकण्याचा असतो. मूल शब्द साठवत असते. आईबाप मात्र घाबरतात आणि घरीही मोडकी जर्मन किंवा इंग्रजी सुरू करतात. याहून मोठी चूक दुसरी नाही. जर्मन मुलाला किटातून मिळणारच आहे, तेही निर्दोष. मराठी मिळण्याचे ठिकाण एकच आहे, आणि ते बंद केले तर दुसरे उघडत नाही.

वास्तविक मराठी मुलाला जर्मन अगदीच परकी वाटू नये. दोन्ही भाषांत तीन लिंगे आहेत. जर्मनमध्ये ‘मुलगी’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे याचे इंग्रजी जाणणाऱ्यांना हसू येते, पण ज्या कोकणीत लहान मुलीविषयी ‘तें’ म्हणतात ती जाणणाऱ्याला येऊ नये. जर्मन ‘त्स’ हा ‘चाक’, ‘चूल’ यांतील आपल्या दंत्य ‘च’चा सख्खा भाऊ. थंडी जर्मन माणसालाही ‘मला’ असते. तो ‘मी थंड आहे’ असे म्हणत नाही. आणि एकवीस हा आकडा दोन्हीकडे ‘एक’पासून सुरू होतो. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ हे रूप आणले तेव्हा महाराष्ट्रात वादळ उठले होते. जर्मनीतही बोखुमच्या एका गणितज्ञाच्या पुढाकाराने नेमका हाच बदल मागणारी संस्था स्थापन झालेली आहे, आणि तिचे नावच ‘वीस-एक’ या अर्थाचे आहे. घरी इंग्रजीत आकडे मोजणारे पालक मात्र मुलाला विनाकारण तिसऱ्याच क्रमात गोंधळवतात.

तथापि परदेशी वाढणाऱ्या मुलाच्या मराठीत कोणती छिद्रे पडतात, हे पाहिले पाहिजे. शब्द कमी पडतात ही वरवरची गोष्ट. मूल दिवसभरात जी मराठी ऐकते ती मुख्यतः आज्ञार्थी असते : ऊठ, जेव, चल, हात धू. घरात दोनच मोठी माणसे, ती परस्परांस ‘तू’ म्हणणारी. त्यामुळे ‘तुम्ही’ हे आदरार्थी रूप त्याच्या कानावर पडतच नाही. किटात शिक्षिकेलाही नावाने आणि एकेरीत हाक मारायची असते, आपल्यासारखे ‘ताई’ नाही की ‘बाई’ नाही. मग दूरध्वनीवर ते आजोबांना निरागसपणे ‘तू कुठे चाललास?’ असे विचारते आणि पलीकडे क्षणभर शांतता पसरते. मुलाने उद्धटपणा केलेला नसतो. व्याकरणाचा तो दालनच त्याने पाहिलेला नसतो. नात्यांच्या शब्दांचेही तसेच. मावशी, आत्या, काकू, मामी या चौघींना जर्मनमध्ये मिळून एकच शब्द आहे, आणि चौघीही हजारो मैलांवर. ज्या शब्दामागे माणूस दिसत नाही तो शब्द मूल धरून ठेवीत नाही.

यावर उपाय म्हणून मोठ्या शहरांतील मराठी मंडळांचे गणेशोत्सव आणि दिवाळी पुरेशी नाहीत, कारण तेथे मुले आपापसांत जर्मनच बोलतात. उपाय आहे तो आजी-आजोबांच्या मुक्कामाचा. त्यांच्या भेटीच्या परवान्यावर एकशे ऐंशी दिवसांत नव्वद दिवसच राहता येते. पण त्या नव्वद दिवसांत घरात सुनेचे ‘अहो आई’ ऐकू येते, भांडण आणि समजूत मराठीत होते, ‘काल’ आणि ‘परवा’च्या गोष्टी सांगितल्या जातात, आणि मुलाच्या बोलण्यात भूतकाळ परत येतो. मूल सहा वर्षांचे होऊन शाळेत गेले, की शाळा बुडवून दिवाळीला भारतात नेणे शक्य राहत नाही. त्याला तेथे दंड आहे. तेव्हा येणे आजोळालाच भाग पडते. बहुतेक वडीलधारे जूनमध्ये येतात, कारण तेव्हा हवा सुखद असते. भाषेच्या दृष्टीने हे उलटेच आहे : जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि मूल क्रीडांगणावर जर्मन मुलांत असते, जानेवारीत ते चारलाच घरात, दिव्याखाली, गोष्ट ऐकायला मोकळे असते. पण पंच्याहत्तरीच्या आजोबांना जानेवारीत बर्लिनला बोलावण्याचे धाडस कोण करील?