संगणक आपोआप ‘रीस्टार्ट’ का होतो?

बीडजवळील मांजरसुंब्याच्या डोंगरात वसलेले कपिलधार हे संत मन्मथस्वामींचे समाधिस्थान आहे. पावसाळ्यातील धबधब्यासाठी आणि कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेसाठी तेथे दूरदूरहून लोक येतात. एरवी या परिसराचे जीवन मराठवाड्यातील कोणत्याही ग्रामीण भागासारखेच आहे आणि त्या जीवनात आता संगणकालाही स्थान मिळाले आहे. सातबारा उतारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, शिष्यवृत्ती अशी अनेक कामे संगणकावरून होतात. अर्जाचे शेवटचे पान भरताना पडदा अचानक काळा होऊन संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, तर वाया जातो तो केवळ भरलेला मजकूर नव्हे; कधी अर्जाची मुदत टळते, तर कधी अर्जदाराची खेप फुकट जाते. शहरातील विद्यार्थ्याची किंवा हिशेबनिसाची अडचणही याहून वेगळी नसते.

अशा वेळी सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे संगणक ‘फॉरमॅट’ करणे. त्यात पैसे खर्च होतात, साठवलेली माहिती धोक्यात येते आणि दोष विजेचा किंवा यंत्रभागाचा असेल तर काही दिवसांत संगणक पुन्हा तसाच वागू लागतो. म्हणूनच काहीही बदलण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइल्सची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी आणि मग एका प्रश्नाचे उत्तर शोधावे : संगणक नेमका केव्हा रीस्टार्ट होतो? दिवे मिणमिणल्यावर, तासभर काम झाल्यावर, एखादा ठरावीक प्रोग्रॅम उघडल्यावर, की कधीही? चार-पाच दिवस तारीख, वेळ आणि त्या वेळी चाललेले काम एवढे वहीत टिपले, तरी तपासाची दिशा बहुधा स्पष्ट होते.

वीज : पहिला संशयित

कपिलधारसारख्या डोंगराळ भागात वीज उघड्या तारांवरून येते. वळवाच्या वाऱ्यात तारा हेलकावतात, फांदी टेकते आणि दिवे क्षणभर मंदावतात. पिठाची गिरणी किंवा पाण्याचा पंप सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह खेचते, तेव्हाही व्होल्टेज खाली येते. शहरात हीच भूमिका इमारतीचा पंप, लिफ्ट किंवा वातानुकूलन यंत्र बजावते.

डोळ्यांना जेमतेम जाणवणारा हा धक्का संगणकाला का सोसत नाही, याचे उत्तर त्याच्या ‘एसएमपीएस’मध्ये आहे. हा डबा २३० व्होल्टच्या विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये रूपांतर करतो. आपल्याकडील विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते; तर पूर्ण भार असताना बाहेरची वीज खंडित झाल्यास चांगला एसएमपीएस साधारण १६ ते १७ मिलिसेकंद तग धरतो. जुना वा हलक्या प्रतीचा त्याहूनही कमी. व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेखाली घसरताच तो मदरबोर्डला दिला जाणारा ‘पॉवर गुड’ हा संकेत काढून घेतो आणि मदरबोर्ड सारे काम तिथेच थांबवतो. वीज लगेच पूर्ववत झाली की संगणक नव्याने सुरू होतो.

त्यामुळे पहिली तपासणी सर्वांत सोपी आहे. एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला ठेवून संगणक थेट भिंतीवरील घट्ट सॉकेटला जोडावा आणि मागची केबल नीट बसवावी. शक्य झाल्यास दुसऱ्याचा चालू स्थितीतील यूपीएस एक दिवस लावून पाहावा. रीस्टार्ट थांबले, तर दोष विजेचा किंवा आपल्या यूपीएसच्या जीर्ण बॅटरीचा आहे. संगणक घरगुती इन्व्हर्टरवर असेल, तर त्यावरील ‘यूपीएस मोड’ निवडलेला आहे ना, हे पाहावे. साध्या मोडमध्ये वीज बदलण्यास लागणारा वेळ संगणकाला परवडत नाही. एवढे करूनही खेळ किंवा चित्रफितींच्या संपादनासारखे जड काम सुरू होताच संगणक कोसळत असेल, तर एसएमपीएस बदलून पाहणे योग्य. तो घरी उघडू मात्र नये. प्लग काढल्यानंतरही त्यातील कॅपॅसिटरमध्ये धोकादायक व्होल्टेज टिकून राहू शकते.

उष्णता, धूळ आणि सैल भाग

सकाळी व्यवस्थित चालणारा संगणक दुपारी कुरकुरत असेल, तर उष्णतेकडे पाहावे. प्रोसेसरचे तापमान साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की तो आधी आपला वेग कमी करतो आणि तरीही भागले नाही तर संगणक बंद पाडतो. खोलीतच ४० अंशांचा उन्हाळा असेल आणि पंख्याच्या पात्यांवर धुळीचा थर असेल, तर ही मर्यादा लवकर गाठली जाते. प्लग काढून, कॅबिनेट उघडून मऊ ब्रशने धूळ काढावी. हवेचा झोत वापरताना पंखा बोटाने धरून ठेवावा. प्रोसेसर आणि त्यावरील धातूचा हीटसिंक यांमधील पेस्ट वाळली असल्यास ती नव्याने लावून घ्यावी.

रीस्टार्टला कोणताच क्रम नसेल, तर रॅमवर संशय घ्यावा. पट्टी काढून तिचे सोनेरी संपर्कबिंदू मऊ खोडरबराने हलकेच पुसावेत आणि ती पुन्हा घट्ट बसवावी. दोन पट्ट्या असतील, तर एकेक लावून पाहिल्यास दोषी पट्टी हाती लागते. विंडोजमधील ‘मेमरी डायग्नोस्टिक’ ही चाचणीही उपयोगी पडते. मदरबोर्डवरील दंडगोलाकार कॅपॅसिटरचे माथे सपाट आहेत का, हेही पाहावे. फुगलेला किंवा पाझरणारा कॅपॅसिटर हा मदरबोर्ड थकल्याचा पुरावा होय. २००० नंतरच्या काही वर्षांत जगभर असे असंख्य कॅपॅसिटर मुदतीआधीच निकामी झाले होते. आणि कधीकधी सारा गुन्हा आत अडकून बसलेल्या ‘रीसेट’ बटणाचाच निघतो!

विंडोज काय सांगते?

२००१ मधील विंडोज एक्सपीपासून विंडोज ११ पर्यंत एक सोय मुळातच चालू असते : गंभीर दोष आढळताच संगणकाने स्वतःहून रीस्टार्ट व्हावे. त्यामुळे दोषाचे नाव सांगणारा निळा पडदा वाचण्याआधीच नाहीसा होऊ शकतो. ‘सिस्टीम प्रॉपर्टीज’मधील ‘ॲडव्हान्स्ड’ भागात ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ उघडून ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’समोरची खूण काढली, की तो पडदा थांबून राहतो. त्यावरील संकेतक्रमांक टिपून घ्यावा. नवा ड्रायव्हर किंवा नवे यंत्र बसवल्यापासून त्रास सुरू झाला असेल, तर ते आधी काढावे.

‘इव्हेंट व्ह्यूअर’ ही विंडोजची दैनंदिनी त्याहून बोलकी आहे. तिच्या ‘सिस्टीम’ नोंदींत १०७४ हा क्रमांक असेल, तर अद्ययावतीकरणाने, एखाद्या प्रोग्रॅमने किंवा वापरणाऱ्याने रीतसर रीस्टार्ट घडवला होता. ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद संगणक नीट बंद न होता कोसळल्याचे सांगते; कारण मात्र सांगत नाही. तिच्या तपशिलात ‘बगचेक कोड’ शून्य असेल, तर वीज वा यंत्रभागाकडे वळावे; अन्य आकडा असेल, तर निळ्या पडद्याचा माग काढावा.

सॉफ्टवेअर निर्दोष असते असे मात्र नाही. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ या वर्मने एक्सपीच्या असंख्य संगणकांवर ६० सेकंदांची उलटी गणती दाखवून ते रीस्टार्ट केले. २००४ मध्ये ‘सॅसर’ने तेच केले. दोन्ही वेळा बचावाची दुरुस्ती आधीच उपलब्ध होती, ती अनेकांनी घेतली नव्हती. उलट, १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्याच सदोष अद्ययावतीकरणाने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे, हेही जुना संगणक वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

तपासाचा क्रम असा : प्रथम माहितीची प्रत, मग वीज, नंतर धूळ व उष्णता, त्यापुढे रॅम, मग विंडोजच्या नोंदी आणि सर्वांत शेवटी फॉरमॅट. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. अनेक भाग एकदम बदलले, तर संगणक सुधारूनही दोष कशात होता ते कळत नाही. दुरुस्तीसाठी तंत्रज्ञाकडे जावे लागलेच, तर ती वही सोबत न्यावी. ‘संगणक बंद पडतो’ या तक्रारीपेक्षा ‘शेजारची मोटार सुरू झाली की बंद पडतो’ हे एक वाक्य त्याचा वेळ आणि आपला खर्च दोन्ही वाचवते.