मेलेला हृदयस्नायू पुन्हा उगवेल काय?

झटका येऊन गेला, स्टेंट बसला, आता हृदय पहिल्यासारखे झाले, अशी आपल्याकडे बहुतेक घरांत समजूत असते. स्टेंटने रक्तवाहिनी मोकळी होते. रक्ताअभावी जो स्नायू मेला, तो मात्र मेलाच. मोठ्या झटक्यात अशा सुमारे १०० कोटी पेशी जाऊ शकतात. त्या जागी राहतो व्रण, आणि व्रण आकुंचन पावत नाही. उरलेल्या स्नायूवर भार पडून हृदय फुगत जाते. मग जिना चढताना दम, पायांवर सूज.

हा स्नायू पुन्हा वाढवता येईल काय? एक दिवसाच्या उंदराच्या हृदयाचे टोक कापले तर ते भरून येते, असे अमेरिकेतील डॅलसच्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवले. सात दिवसांच्या उंदरात ही शक्ती उरत नाही. ती जागी करण्यासाठी माउरो जाक्का यांच्या गटाने झटका दिलेल्या डुकरांच्या हृदयात विषाणूमार्फत मायक्रोआरएनए हा सूक्ष्म रेणू सोडला. महिन्याभरात व्रण लहान झाला, आकुंचन सुधारले. पण वाढीचा हुकूम थांबेना. अपक्व पेशी वाढत राहिल्या आणि बहुतेक डुकरे हृदयाचे ठोके बिघडून अचानक मेली. हे २०१९ साली प्रसिद्ध झाले. वाढ सुरू करता आली, वेळेवर थांबवता आली नाही. संशोधन आज याच पेचाभोवती फिरते आहे.

माणसांवरचा एक मोठा प्रयोगही झाला. दुबळ्या हृदयाच्या २५० रुग्णांवर, पेशीतील कॅल्शियमचा पंप सुधारणाऱ्या जनुकाचा. २०१६ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला : फायदा नाही.

म्हणून कोणी लाखो रुपये घेऊन ‘स्टेम सेलने हृदय नवे करतो’ म्हणाला, तर सरळ उठून यावे. हृदयासाठी असा उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करू नये, असेच आयसीएमआरची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

आणि साध्या गोळ्यांना कमी लेखू नये. रामिप्रिल, मेटोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन या हृदय फुगवणाऱ्या संप्रेरकांनाच अडवतात. मधुमेहासाठी आलेली डापाग्लिफ्लोझिन दुबळ्या हृदयाला मधुमेह नसतानाही उपयोगी ठरली. यांची जेनेरिक रूपे स्वस्त मिळतात. कोणती कोणाला, हे डॉक्टर ठरवतील. पण ‘बरे वाटते’ म्हणून आपल्या मनाने बंद करू नयेत. इकोच्या कागदावरील ‘ई.एफ.’ हा आकडा विचारून घ्या. तो ४० किंवा त्याहून कमी असेल, तर दीड-दोन महिन्यांनी पुन्हा इको कधी करायचा, तेही त्याच भेटीत विचारा.